गवत्या गळाला का लागत नाही: आमिष, मांडणी आणि काठाजवळची झुंज

प्रश्न थोडक्यात असा: तळ्यात मोठमोठे गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, डोळ्यांना दिसतात. मका लावून तासन्‌तास बसलं तरी नुसती टोचणी येते, हिसका दिला की गळ रिकामा. एखादा लागलाच तर काठापर्यंत मुकाट्याने येतो आणि हाताशी आल्यावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोडून जातो. मग आमिष बदलावं का, आणि बदलायचं तर काय लावावं?

आमिष बदलून यातलं एकच दुखणं बरं होईल, तेही अर्धवट. टोचणी येऊन न लागणं हा गळाच्या मांडणीचा दोष आहे. काठाजवळ तुटणं हा ड्रॅगचा, म्हणजे किती ओढ बसली की रीळ तंगूस सोडेल ते ठरवणाऱ्या रिळावरच्या योजनेचा, आणि घाईचा दोष आहे. आमिषाचा प्रश्न त्या दोन्हींपेक्षा सोपा आहे, पण त्याचं उत्तर डब्यात किंवा बाटलीत नाही, तळ्यात आहे. त्या तळ्यात आज हिरवं किती उरलंय, हे आधी बघा.

या माशाची शरीररचना थोडी समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. गवत्याच्या तोंडात दात नसतात. दात असतात ते घशात, करवतीसारख्या खाचांचे, आणि पाल्याचा चुरा तिथे होतो. त्याला खरं जठर नाही आणि पाला खाणाऱ्या प्राण्याच्या मानाने आतडं आखूड असतं. त्यामुळे खाल्लेल्यातला बराच भाग नीट न पचता हिरवाच बाहेर पडतो आणि माशाला पुन्हा खावं लागतं. पाणी उबदार असलं की तो दिवसाचा मोठा भाग चरत असतो. म्हणजे मासा खात नाही अशी स्थिती उन्हाळ्यात क्वचितच असते. तुम्ही दिलेलं खात नाही, एवढंच.

तळं पाणवनस्पतींनी भरलेलं असेल तर गळाला पाला लावण्यात फारसा अर्थ नाही. चहूकडे फुकटचं ताट वाढलेलं असताना तो तुमचीच काडी का उचलेल? तिथे वेगळं काहीतरी हवं: मका, ब्रेड, फळ. उलट ज्या तळ्यात त्याने सगळी हिरवळ फस्त केली आहे, तळ उघडा पडलाय, काठालगतचं गवत पाण्याच्या रेषेपर्यंत कातरल्यासारखं दिसतंय, तिथे ताज्या पाल्याइतकं चांगलं आमिष दुसरं नाही. बरेच जण नेमकं उलटं करतात. शेवाळाने भरलेल्या पाण्यात गवताच्या जुड्या टाकतात आणि उजाड तळ्यात मक्यावर अडून बसतात. तिथला मका मात्र आधी छोटे मासे संपवतात.

तिसरा प्रकार म्हणजे मत्स्यपालनाचं तळं. तिथला मासा गोळीखाद्यावर वाढलेला असतो. काही ठिकाणी पाण्यावर तरंगणारी बांबूची चौकट बांधून तिच्यात कापलेलं गवत टाकतात, म्हणजे ते वाऱ्याने पसरत नाही. अशा तळ्यातल्या माशांना चौकट आणि खाण्याची वेळ दोन्ही ठाऊक असतात. मालकाची परवानगी असेल तर चौकटीच्या जवळपास, रोजच्या वेळेच्या थोडं आधी गळ टाका. यापेक्षा सोपी मासेमारी नाही.

बसण्याआधी पाण्याभोवती एक फेरी मारा, काठापासून थोडं मागून. कातरलेल्या पानांचे तुकडे तरंगताना दिसतात का? हिरव्या विष्ठेचे लांबट तुकडे पाण्यावर आहेत का? वारा नसताना एखादंच बोरूचं पान थरथरतंय का? पाण्यावर वाकलेल्या गवताचे शेंडे तुटलेले असतील तर मासा तिथपर्यंत तोंड वर काढून येतो, असं समजा. वारा असेल तर तो ज्या काठाकडे वाहतोय तिकडे तरंगता पाला गोळा होतो आणि पाल्याच्या मागे मासाही येतो. यातलं काहीच दिसलं नाही तर दुसरी जागा बघा. केवळ सावली चांगली आहे म्हणून बसू नका.

आता पाल्याची मांडणी. ही माझी सगळ्यात आवडती पद्धत आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पाला बाहेरून आणू नका, त्याच काठावरचा घ्या. कोवळी, रुंद पाती निवडा. मक्याच्या रोपाची कोवळी पानंही चालतात. वितीएवढ्या लांबीची तीन-चार पाती एकावर एक ठेवायची आणि देठाकडची बाजू गळाच्या दांडीला बारीक लवचिक धाग्याने गुंडाळून बांधायची. गळाचं टोक पात्यांच्या मधून बाहेर, मोकळं राहिलं पाहिजे. पात्यात रुतलेलं टोक माशाच्या ओठात रुतत नाही. पुढचे शेंडे मोकळे सोडा. गळ ४ ते ६ नंबरचा पुरे. वजन काहीच नको. फार तर फेकण्यापुरता एक लहान, पाण्यावर आडवा राहणारा फ्लोट (तरंगणारी खूण), तोही पाल्यापासून मीटर-दीड मीटर लांब.

शक्यतो फेकूच नका. काठी झुडपाआडून पुढे करून टोक पाण्यावर आणा आणि पाला अलगद पाण्याला टेकवा. असं केलं की तंगूस पाण्यावर पडत नाही. वरून येणाऱ्या माशाला पाण्यावर पडलेला धागा फार लवकर दिसतो, आणि दिसला की तो तोंड फिरवतो. लांब टाकावंच लागलं तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला टाका आणि पाल्याला आपल्या गतीने वाहत खाली येऊ द्या.

मग मासा येतो. आधी पाण्याखाली एक लांब काळसर सावली, मग पात्याच्या शेंड्यापाशी पाणी किंचित फुगतं. तो झडप घालत नाही. शेंडा ओठात धरतो आणि छपाईच्या यंत्रात कागद ओढला जावा तसं पातं हळूहळू आत जायला लागतं. दोन-तीन इंच आत गेलं की थांबतं. माणसाचा हात इथेच सुटतो आणि हिसका बसतो. गळ अजून बाहेरच असतो, मग लागणार काय? थांबायचं. घशात चघळणं चालू असतं. पुन्हा पातं सरकतं, पुन्हा थांबतं. देठाची गाठ दिसेनाशी झाली आणि तंगूस बाजूला चालू लागलं की काठी आडवी, सावकाश पण ठामपणे ओढायची. हिसका द्यायची गरजच नसते. मासा स्वतः चालत असतो, त्याचं वजनच गळ रुतवतं.

माशाला पाल्याची सवय लावता आली तर फारच चांगलं. रोज संध्याकाळी एकाच जागी मूठ-दोन मूठ कापलेला पाला गळाविना टाकत राहा. काही दिवसांत मासा त्या वेळेला त्या जागी फिरकू लागतो. मोठं ढीगभर गवत मात्र टाकू नका. पोट भरलेल्या माशाला तुमची चार पाती कशाला हवीत?

मक्याबद्दल. डब्यातले गोड दाणे चालतात, पण मऊ असल्यामुळे लहान मासे कुरतडून नेतात. तुमच्या टोचणीतली बरीचशी त्यांचीच असणार. सुका मका स्वतः तयार केलेला कधीही सरस. २४ तास भिजत घाला, मग दाण्याचं साल फुटेपर्यंत उकळा आणि त्याच पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या. झाकण सैल ठेवा, आत वायू धरतो. वास आंबूस आला आणि पाणी जरा चिकट झालं की तयार. कच्चा, न भिजवलेला दाणा पाण्यात टाकू नका. तो माशाच्या पोटात जाऊन फुगतो, त्याला त्रास होतो आणि त्या तळ्यातलं तुमचं कामही बिघडतं. बाटलीतल्या वासांवर माझा फार विश्वास नाही. व्हॅनिला, स्ट्रॉबेरी वगैरे घालून बघायला हरकत नाही, पण तळावर पडलेल्या आमिषाला आंबूस वासापुढे ते फिके पडतात. वरच्या पाण्यातल्या आमिषाला तर मासा डोळ्यांनीच शोधतो.

दाणा गळावर ओवण्यापेक्षा गळाबाहेर केसासारख्या बारीक धाग्यावर लटकवा. यालाच हेअर रिग म्हणतात. दोन खरे दाणे आणि त्यांच्या वर एक तरंगणारा नकली दाणा लावला की आमिष हलकं होतं. माशाने श्वासासरशी पाणी आत ओढलं की तेही सहज आत जातं. तळावर शेवाळ असेल तर हे हलकेपण फार कामाला येतं. जड आमिष शेवाळात बुडून जातं आणि तुम्ही रिकाम्या जागेवर बसून राहता. आधी चारा म्हणून मूठभर दाणे टाका, मग अधूनमधून चार-सहा. बादलीभर चारा टाकण्याची पद्धत मला पटत नाही.

ब्रेडच्या कडेचा तुकडा वरच्या पाण्यासाठी उत्तम. दोन बोटं रुंद घ्या, कडेची कडक बाजू गळाला, मऊ बाजू पाण्याकडे. गळ न लावलेले चार तुकडे आधी सोडा आणि पहिला तुकडा निर्धास्तपणे गिळला जाईपर्यंत गळाचा तुकडा टाकूच नका. पाण्यावर झुकलेलं तुतीचं किंवा अंजिराचं झाड असेल आणि फळं गळत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून तेच फळ लावा. फळ टपकन पडल्याचा आवाज तिथे माशाला बोलावतो. एरवी आवाज केला की तो पळतो, ही एकच सूट आहे. द्राक्ष आणि छोटे टोमॅटोही घेतले जातात. लहान मासे त्यांना सहसा हात लावत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

आता टोचणीचं. गवत्या आमिष ओठांनी उचलतो, आत घेतो, काही खटकलं तर तितक्याच सहज बाहेर टाकतो. फ्लोट एकदा-दोनदा डुलला आणि थांबला, याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो. म्हणून मांडणी दोनच प्रकारची असावी. एक, अजिबात ओढ न जाणवणारी: वजन नाही, तंगूस सैल, रीळ मोकळं. दुसरी, इतकी जड की मासा आमिष घेऊन वळला की शिशाच्या वजनानेच गळ रुतावा: ६० ते ९० ग्रॅमचं शिसं, त्याच्यापुढे १५ ते २० सेंटिमीटरचा आखूड, मऊ धागा आणि त्याला ६ किंवा ८ नंबरचा तीक्ष्ण गळ. बहुतेक लोक यांच्या मधलं काहीतरी लावतात. १०-१५ ग्रॅमचं शिसं आणि ताणलेलं तंगूस. ही मांडणी माशाला सावध करण्याइतकी जड असते आणि गळ रुतवायला मात्र हलकी. तुमचा मका बदलू नका, शिसं बदला. तुटून अडकलं तर शिसं तंगसापासून सुटून मासा मोकळा होईल अशी जोडणी ठेवा.

आणखी एक: मासा दरवेळी लांबच पळतो असं नाही. आमिष घेऊन तो तुमच्याकडेही येतो. अशा वेळी फ्लोट बुडत नाही, उलट ताणलेलं तंगूस ढिलं पडतं. ढिलं पडलेलं तंगूस हीसुद्धा खूणच समजा. आधी रीळ फिरवून ढिलाई भरून घ्या, मग काठी उचला.

साहित्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तीन ते साडेतीन मीटरची, टोकाकडे नाही तर मध्यापर्यंत वाकणारी काठी, ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचं साधं तंगूस, दीडशे-दोनशे मीटर भरेल असं गुळगुळीत ड्रॅगचं रीळ. विणलेली दोरी मी या माशाला वापरत नाही. ती ताणली जात नाही, आणि दोरा ताणला जाणं का लागतं ते पुढे सांगतो. गाठ बांधताना ओली करून आवळा. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. धागा ताणलेला ठेवला तर मासा सुटत नाही आणि काढताना ओठ फाटत नाही.

वेळेबद्दल ‘पहाटे जा’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. गवत्याच्या बाबतीत तो अर्धाच खरा आहे. पाणवनस्पतींनी गच्च भरलेल्या तळ्यात रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे उजाडण्याच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. त्या वेळी मासा सुस्त असतो, कधीकधी वर येऊन नुसता तोंड उघडझाप करतो. त्याला भूक समजू नका. ऊन चढलं, वनस्पती ऑक्सिजन सोडू लागल्या की मग चरणं सुरू होतं. अशा पाण्यात सकाळ उशिरा ते संध्याकाळ हीच खरी वेळ. उघड्या, मोठ्या, वारा लागणाऱ्या पाण्यात मात्र पहाट चांगलीच असते. तापमानाचं म्हणाल तर पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असताना तो जेमतेम खातो आणि २० च्या वर भरभरून. थंड पावसाची मोठी सर येऊन गेली असेल तर एक-दोन दिवस घरीच बसा.

लपणं हा भाग लोक हसण्यावारी नेतात. कार्प कुळातल्या माशांची हवेची पिशवी लहान हाडांच्या साखळीने कानाशी जोडलेली असते. त्यामुळे काठावर टाच आपटली, डबा ठेवला, होडीत काही पडलं, ते त्यांना लगेच कळतं. गवत्या त्यातही भित्रा आणि बहुधा टोळीने फिरणारा. एक दचकला की सगळे गेले. काठावर उभं राहू नका, बसा. मागे झाड किंवा झुडूप असू द्या म्हणजे आकाशावर तुमची आकृती उठून दिसणार नाही. सावली पाण्यावर पडत असेल तर बाजू बदला. काठी शांतपणे ठेवा. पुन्हापुन्हा गळ काढून बघायची सवय असेल तर ती मोडा.

काठाजवळ तुटण्याचं कारण असं. गळ लागल्यावर मोठा गवत्या पुष्कळदा ओंडक्यासारखा येतो. फारसा विरोध नाही, डोकं हलवणं नाही. माणसाला वाटतं दमला. तो दमलेला नसतो, त्याला अजून काय झालंय ते कळलेलं नसतं. काठाशी येऊन त्याला तुम्ही किंवा जाळी दिसते आणि खरी झुंज तिथे सुरू होते. त्या क्षणी तुमच्या आणि माशाच्या मधे दोन-तीन मीटर तंगूस उरलेलं असतं. ५० मीटर तंगूस ताणलं जाऊन धक्का गिळून टाकतं. दोन मीटर तंगसाला ताणायला जागाच नसते, सगळा धक्का गाठीवर येतो. त्यात काठापर्यंत आणताना ड्रॅग आवळलेला असला की गाठ सुटते, गळ वाकतो किंवा तंगूस तुटतं.

म्हणून मासा १० मीटरच्या आत आला की ड्रॅग थोडा सैल करा. हाताने स्पूल, म्हणजे रिळाची तंगूस गुंडाळलेली चकती, दाबू नका. काठी वर उभी धरण्याऐवजी बाजूला, आडवी धरा. माशाचं डोकं बाजूला वळतं आणि त्याचा जोर कमी होतो. जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर ठेवा. माशामागे जाळी फिरवत धावलात की तो पुन्हा सुसाट जातो. पहिल्यांदा काठाशी आल्यावर जाळीत घ्यायचा मोह टाळा. एक-दोन पळण्या त्याला घेऊ द्या, मग डोक्याकडून जाळीत घ्या. जाळीचं तोंड मीटरभर रुंद हवं, लहान जाळीत हा लांबट मासा अर्धाच मावतो.

जाळीत आल्यावर लगेच उचलू नका. मिनिट-दोन मिनिटं पाण्यातच राहू दे. ताकद शिल्लक असलेला गवत्या जमिनीवर असा काही उसळतो की खवले निघतात आणि स्वतःला जखमी करून घेतो. ओली चटई, डोळ्यांवर ओलं कापड, हात ओले. कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवणं नको. सोडताना दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन सरळ धरा आणि तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा. कडक उन्हाळ्यात हे आणखी जपून करावं लागतं, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

सोडायचा की ठेवायचा हे मात्र त्या पाण्याच्या नियमांवर आहे. काही ठिकाणी हा मासा शेवाळ आणि तण आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम सोडलेला असतो, कित्येकदा पिल्लं होऊ नयेत म्हणून वांझ केलेला. तिथे तो परत सोडणं बंधनकारक असतं. इतर काही ठिकाणी तो बाहेरून आलेला उपद्रवी मासा मानला जातो आणि जिवंत सोडायला मनाई असते. एका तळ्याचा नियम दुसऱ्या तळ्यावर लावू नका, गळ टाकण्याआधी विचारून घ्या.

एक मासा झुंज देऊन निघाला की ती जागा तास-दोन तास थंड पडते, टोळी दूर गेलेली असते. तेवढ्या वेळात तिथे मूठभर पाला किंवा दाणे टाकून दुसऱ्या काठाला जा. संध्याकाळी परत या, पण आल्या आल्या गळ टाकू नका. टाकलेला पाला कमी झालाय का ते आधी बघा.